शालेय मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचं शिक्षण आणि संशोधन कसं वाचावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शालेय मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या पानावर साधारण तीन गोष्टी असतात: पदव्यांची यादी, संशोधनाच्या विषयांची एक ओळ आणि निबंधांची लांबलचक यादी. विद्यार्थी पहिल्या दोन गोष्टी वाचतात आणि तिसरी सोडून देतात. खरी माहिती मात्र तिसरीतच असते. खालचे बरेचसे प्रश्न पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्यांचे आहेत.

शालेय मानसशास्त्राचा प्राध्यापक आणि शैक्षणिक मानसशास्त्राचा प्राध्यापक, फरक काय?

शैक्षणिक मानसशास्त्रात माणूस शिकतो कसा, हे अभ्यासतात: स्मृती, प्रेरणा, अध्यापनाची रचना, मापनशास्त्र. त्या विभागातून बाहेर पडणाऱ्याला शाळेत मुलं तपासायचा परवाना मिळत नाही. शालेय मानसशास्त्र हा व्यवसाय-शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. तिथला प्राध्यापक संशोधन करतोच, शिवाय उद्या शाळेत जाऊन मुलांची चाचणी घेणारे, शिक्षकांना सल्ला देणारे आणि पालकांसमोर अहवाल मांडणारे लोक तयार करतो. म्हणून त्याच्या पानावर पदव्यांच्या जोडीला परवाने आणि प्रमाणपत्रंही दिसतात.

शाळेतला समुपदेशक हा आणखी तिसरा. त्याची पदवी वेगळी, परवाना वेगळा. ‘शिक्षण आणि समुपदेशन मानसशास्त्र’ अशा जोडनावाचे विभाग बरेच आहेत, त्यामुळे विभागाच्या नावावर जाऊ नका. प्राध्यापक कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतो, ते बघा.

या विषयाचा इतिहास माहीत असण्याची गरज आहे का?

थोडीशी आहे, कारण आजचे वाद तिथूनच आले आहेत. १८९६ मध्ये लाइटनर विट्मर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय क्लिनिक उघडलं. पहिल्या मुलाला एक शिक्षिका घेऊन आली होती. मुलगा चौदा वर्षांचा, आणि स्पेलिंग काही केल्या जमेना. विट्मर यांनी आधी त्याचे डोळे तपासून घेतले, चष्मा लावून दिला आणि मग शिकवणी सुरू केली. शाळेतली नेमकी अडचण, तिचं कारण आणि त्यावरचा उपाय हा क्रम तेव्हापासूनचा. १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेसेल यांना शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. त्या पदनावाने झालेली ती पहिली नेमणूक मानतात.

१९५४ मध्ये वेस्ट पॉइंटच्या थेयर हॉटेलात भरलेल्या परिषदेत शिक्षणाचे दोन स्तर मांडले गेले, एक डॉक्टरेटचा आणि एक त्याखालचा. तो पेच अजून पुरता सुटलेला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एपीए, डॉक्टरेटशिवाय कुणाला मानसशास्त्रज्ञ म्हणायला राजी नाही. शाळांतले बहुसंख्य लोक मात्र त्याखालच्या पदवीवर काम करतात. १९६९ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स ही वेगळी संघटना स्थापन झाली, तिला एनएएसपी म्हणतात. प्राध्यापक एपीएच्या सोळाव्या, म्हणजे शालेय मानसशास्त्राच्या, विभागात जास्त सक्रिय आहे की एनएएसपीमध्ये, यावरून त्याचा कल थोडाफार कळतो. बरेच जण दोन्हीकडे असतात.

एड.एस., साय.डी., पीएच.डी. या पदव्यांत प्राध्यापकाकडे कोणती असते?

संशोधन करणाऱ्या पूर्णवेळ प्राध्यापकाकडे बहुधा पीएच.डी. असते. साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही डॉक्टरेटच, पण तिचा भर प्रत्यक्ष कामावर असतो. ती असलेले लोक प्रात्यक्षिकांचं पर्यवेक्षण करणाऱ्या पदांवर जास्त दिसतात. एड.एस. (एज्युकेशन स्पेशालिस्ट) ही शाळेत काम करायला लागणारी, डॉक्टरेटखालची पदवी.

एनएएसपीच्या निकषांप्रमाणे एड.एस. दर्जाच्या अभ्यासक्रमाला किमान ६० पदव्युत्तर सेमिस्टर-तास (क्रेडिट) आणि १,२०० तासांची इंटर्नशिप लागते. डॉक्टरेटसाठी ९० तास आणि १,५०० तासांची इंटर्नशिप. दोन्हींत किमान ६०० तास शाळेतच व्हावे लागतात. एपीएची मान्यता असलेल्या इंटर्नशिपा सहसा त्याहून मोठ्या, २,००० तासांच्या आसपास असतात. प्राध्यापकाने इंटर्नशिप शाळा-जिल्ह्यात केली की बालरुग्णालयात, हे नजरेआड करू नका. रुग्णालयात घडलेला माणूस पुढे झोप, जुनाट आजार, ऑटिझमचं निदान अशा विषयांकडे वळलेला दिसतो. शाळेत घडलेल्याचा ओढा वाचन, वर्गातलं वर्तन आणि शिक्षकांना सल्ला याकडे. अपवाद भरपूर आहेत, पण अंदाज बांधायला ही चांगली खूण आहे.

नावापुढच्या एनसीएसपी, बीसीबीए, एलपी या अक्षरांचा अर्थ काय?

एनसीएसपी म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं शालेय मानसशास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र. त्यासाठी वर सांगितलेलं शिक्षण आणि प्रॅक्सिस परीक्षा लागते. एलपी म्हणजे राज्याच्या मंडळाने दिलेला मानसशास्त्रज्ञाचा परवाना. तो डॉक्टरेटनंतर मिळतो आणि त्यासाठी ईपीपीपी ही परीक्षा द्यावी लागते. बीसीबीए म्हणजे वर्तन-विश्लेषक. ही तिसरी अक्षरं दिसली की प्राध्यापकाच्या निबंधांत वर्तनाचं थेट निरीक्षण आणि एकल-केस पद्धत (मुलाची तुलना त्याच्याशीच, पुढे पाहा) सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

परवाना नसलेला प्राध्यापक कमी दर्जाचा ठरत नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. ज्याला पुढे परवाना घ्यायचा आहे त्याच्या प्रात्यक्षिकावर परवानाधारकाची सही लागते. मार्गदर्शकाकडे परवाना नसेल तर ती सही कोण करणार, हे आधीच विचारून घ्यावं.

पीएच.डी. कुठून झाली, याला किती महत्त्व द्यावं?

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या नावाला जास्त द्या. या क्षेत्रात घराणी आहेत आणि विचार करायच्या सवयी त्यांतून उतरतात. मिनेसोटातून आलेल्याच्या मागे स्टॅन्ली डेनो यांची मापनाची परंपरा असू शकते. ओरेगनमधून आलेल्याच्या मागे वाचनाच्या डिबेल्स चाचण्या किंवा रॉबर्ट हॉर्नर आणि जॉर्ज सुगाई यांचं शाळाव्यापी वर्तन-आधाराचं काम. विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये थॉमस क्रॅटोचविल यांनी एकल-केस पद्धती आणि सल्लामसलत यांवर विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या घडवल्या. नेब्रास्का-लिंकनमध्ये सुझन शेरिडन यांनी घर आणि शाळा यांना एकत्र बसवणारी सल्लामसलत विकसित केली.

प्रबंधाचा मार्गदर्शक पानावर बहुधा लिहिलेला नसतो. सुरुवातीच्या तीन-चार निबंधांतला शेवटचा लेखक बघा, बहुतेक वेळा तोच असतो.

‘संशोधनाचे विषय’ या ओळीवरून काय समजावं?

एकट्या त्या ओळीवरून फारच थोडं. ‘मुलांचं मानसिक आरोग्य’, ‘पुराव्यावर आधारित उपाय’, ‘समता’ असे शब्द शंभर पानांवर सारखेच सापडतात. ती ओळ कधी सहा वर्षांपूर्वी लिहिलेली असते, तर कधी विभागाच्या सूचनेवरून. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांतले निबंध घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: मुलं कोणती (वय, इयत्ता, अडचण), मोजलं काय आणि कशाने, पद्धत कोणती, आणि काम कुणी केलं, म्हणजे संशोधकाने, शिक्षकाने की संगणकाने. दहा निबंधांत चित्र उमटतं. एका प्राध्यापकाच्या ‘वाचन हस्तक्षेप’ (वाचन सुधारण्याचा उपाय) या शब्दांमागे दुसरी-तिसरीतली मुलं, एका मिनिटाचं वाचन आणि शिक्षकाने राबवलेला उपाय निघेल. दुसऱ्याच्या त्याच शब्दांमागे हजारो मुलांची राज्याकडून मिळालेली माहिती आणि सांख्यिकी प्रारूपं. दोघांची ओळ एकच, पण दोघांच्या विद्यार्थ्यांचे दिवस अगदी वेगळे जाणार. एकाचे शाळेच्या व्हरांड्यात, दुसऱ्याचे संगणकासमोर.

अभ्यासक्रमाधारित मापन, म्हणजे सीबीएम, इतक्या लोकांच्या यादीत का असतं?

कारण या क्षेत्राने शाळेला दिलेलं सर्वांत वापरात असलेलं साधन हेच असावं. डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मिनेसोटात उभं केलं. मूल शिकतंय की नाही हे वर्षाअखेरच्या परीक्षेपर्यंत थांबून का कळावं, असा त्यामागचा सवाल होता.

वाचनाची चाचणी अशी होते. मुलासमोर त्याच्या इयत्तेचा उतारा ठेवतात, परीक्षकाकडे शब्दांची चालू बेरीज छापलेली प्रत असते. मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं. चुकलेल्या किंवा गाळलेल्या शब्दावर परीक्षक तिरकी रेघ मारतो. मूल तीन सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि चूक धरायची. तीन सेकंदांच्या आत स्वतःहून सुधारलं तर बरोबर. शब्द दोनदा वाचला तर चूक नाही. मिनिट संपताच शेवटच्या शब्दापाशी कंस करायचा. ७४ शब्द वाचले, ६ चुकले, तर गुण ६८. वर्षातून तीनदा सगळ्या वर्गाची चाळणी करताना बहुधा तीन उतारे देतात आणि मधला गुण धरतात, सरासरी नव्हे. एखादा उतारा अचानक अवघड निघाला तरी मधल्या गुणाला त्याचा धक्का बसत नाही.

मागे असलेल्या मुलाची चाचणी दर आठवड्याला होते आणि गुण आलेखावर मांडतात. सुरुवातीच्या गुणापासून उद्दिष्टापर्यंत एक रेघ ओढलेली असते. लागोपाठ चार बिंदू रेघेखाली आले तर शिकवणं बदला, चार वर गेले तर उद्दिष्ट वाढवा, हा जुना आणि सोपा नियम.

घोटाळा होतो तो इथे. उतारे दिसायला एका इयत्तेचे असले तरी सारखे अवघड नसतात. त्यामुळे मूल तेच असूनही गुण या आठवड्यात ५८, पुढच्यात ७१ आणि नंतर ६० असे उड्या मारतात. पाच-सहा बिंदूंवरून काढलेला प्रगतीचा उतार फसवा असतो, आणि शाळा मात्र त्याच उतारावर मुलाला विशेष शिक्षणात पाठवायचा निर्णय घेऊ शकते. थिओडोर क्रिस्ट, स्कॉट आर्डोइन आणि इतरांनी ही मोजमापातली चूक किती मोठी असते यावर बरंच लिहिलं आहे. प्राध्यापकाच्या निबंधांत ‘मापनाची प्रमाण त्रुटी’, ‘उताऱ्यांची काठिण्यपातळी सारखी करणं’, ‘किती आठवड्यांची माहिती पुरेशी’ असे शब्द दिसले तर तो या वादात आहे असं समजा. त्याच्याकडे जायचं तर सांख्यिकीची भीती घालवूनच जावं.

एमटीएसएस आणि आरटीआय यांत काय फरक? दोन्ही शब्द सगळीकडे दिसतात.

मूळ कायद्यात आहे. १९७५च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत आणि सुयोग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. १९९०मध्ये त्या कायद्याचं नाव ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन अ‍ॅक्ट’, थोडक्यात आयडिया, असं झालं. अध्ययन अक्षमता ठरवायची तर बुद्धिमत्ता आणि वाचन-गणितातली गती यांत मोठी तफावत दाखवा, अशी रीत पडली होती. त्यात मूल पुरेसं मागे पडेपर्यंत थांबावं लागे. २००४च्या सुधारणेने तफावतीची सक्ती राज्यांना करता येणार नाही असं ठरवलं, आणि चांगल्या उपायाला मूल कसा प्रतिसाद देतं यावरून ठरवण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेचं नाव आरटीआय, म्हणजे ‘रिस्पॉन्स टू इंटरव्हेन्शन’. त्यात मदत पायरीपायरीने वाढवत नेतात.

एमटीएसएस, म्हणजे ‘मल्टि-टियर्ड सिस्टम ऑफ सपोर्ट्स’, ही त्याच पायऱ्यांची मोठी चौकट: वाचन, गणित, वर्तन आणि भावनिक आरोग्य सगळं एकत्र. पहिली पायरी सगळ्यांसाठी, दुसरी लहान गटांसाठी, तिसरी एकेकट्या मुलासाठी. ८०, १५ आणि ५ टक्के हे आकडे सर्रास छापले जातात. ते नियोजनाचे ठोकताळे आहेत. प्रत्येक शाळेत तसंच प्रमाण निघतं असं नाही. एखाद्या शाळेत निम्मी मुलं पहिल्या चाळणीत खाली पडली तर दोष वर्गातल्या शिकवण्यात शोधायचा असतो. लहान गट वाढवत नेऊन तो भरून निघत नाही. या एका मुद्द्यावर प्राध्यापकाचं म्हणणं काय आहे ते शोधा. नुसतं नाव वापरणारा आणि खरं काम केलेला, दोघे तिथेच वेगळे पडतात.

वर्तनावर संशोधन करणारे नेमकं काय करतात?

वर्तन कशामुळे टिकून आहे, याचा शोध घेतात. मूल बाकावर हात आपटतं ते लक्ष वेधायला की अवघड गणित टाळायला, यावर उपाय ठरतो. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं तेच मिळालं, आणि उद्या ते आणखी जोरात आपटणार.

वर्गाच्या पातळीवरचं सर्वांत जुनं आणि अजून चालणारं साधन म्हणजे ‘गुड बिहेवियर गेम’. बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी ते १९६९मध्ये प्रसिद्ध केलं. वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या खात्यात खूण, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी खुणा असलेले गट जिंकतात, दोन्हीही जिंकू शकतात.

दुसऱ्या पायरीवर ‘चेक-इन चेक-आउट’ फार वापरतात. सकाळी मूल एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतं, दिवसाचं कार्ड घेतं. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षक ०, १ किंवा २ गुण देऊन दोन शब्द बोलतात. दुपारी परत त्याच माणसाकडे बेरीज होते, उद्दिष्ट बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास असतं, आणि कार्ड सहीसाठी घरी जातं. हे बिघडतं कसं, तर शिक्षक दिवसभर कार्डाकडे बघत नाहीत आणि शेवटच्या तासाला सगळे रकाने एकदम भरतात. गुण कागदावर येतात, पण तासागणिक मिळणारा प्रतिसाद, ज्याच्यावर सगळा खेळ आहे, तो नाहीसा होतो. शिवाय लक्ष हवं असलेल्या मुलावर हा उपाय चांगला चालतो. काम टाळू पाहणाऱ्या मुलावर निकाल तितके भरवशाचे नाहीत.

‘उपायाची अंमलनिष्ठा’ हा संशोधनाचा विषय कसा होऊ शकतो?

अंमलनिष्ठा म्हणजे ठरलेला उपाय ठरल्याप्रमाणे राबवला जाणं. आमच्या मते या क्षेत्रातला सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत उपयोगी विषय हाच. मूल सुधारलं नाही तर दोन शक्यता असतात: उपाय चुकीचा होता, किंवा तो झालाच नाही. दुसरी शक्यता न तपासता पहिला निष्कर्ष काढला की मूल वरच्या पायरीवर ढकललं जातं.

जॉन बर्गन यांनी १९७७मध्ये मांडलेल्या वर्तनात्मक सल्लामसलतीत चार टप्पे आहेत: अडचण ओळखणं, तिचं विश्लेषण, उपाय राबवणं, मूल्यमापन. पहिल्या दोन टप्प्यांच्या मुलाखती विद्यार्थी नीट शिकतात. तिसऱ्यात शिक्षक वर्गात एकटे असतात. जॉर्ज नोएल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं ते असं: नीट समजावून दिलेला उपायही सल्लागार निघून गेल्यावर काही दिवसांत ढेपाळतो. नंतर नुसतं ‘कसं चाललंय?’ विचारून फारसा फरक पडत नाही. पण किती पायऱ्या झाल्या आणि मुलाचे गुण कुठे गेले याचा आलेख शिक्षकांसमोर ठेवून नियमित पाच मिनिटं बोललं, की अंमल पुन्हा वर येतो. शिक्षक आळशी असतात असा याचा अर्थ नाही. तीसेक मुलांच्या वर्गात एका मुलासाठीची सहा पायऱ्यांची यादी कुणाच्याही हातून निसटते.

बुद्धिमत्ता चाचण्यांवर काम करणारे प्राध्यापक अजून आहेत का?

आहेत, आणि दोन तट आहेत. कॅटेल, हॉर्न आणि कॅरल यांच्या नावांनी ओळखला जाणारा सीएचसी सिद्धान्त आकलन, कार्यकारी स्मृती, प्रक्रियेचा वेग अशा वेगवेगळ्या क्षमता मांडतो. कॅरल यांचा मोठा ग्रंथ १९९३चा. त्यावर उभा राहिलेला एक तट म्हणतो की या क्षमतांतले चढउतार बघून अध्ययन अक्षमता ओळखता येते. दुसरा तट म्हणतो की एकूण गुणांक बऱ्यापैकी स्थिर असला तरी उपगुणांचे हे चढउतार पुन्हा चाचणी घेतली की टिकत नाहीत, आणि त्यांवरून कोणता उपाय लागू पडेल हेही सांगता येत नाही. आम्हाला दुसऱ्या तटाचा पुरावा जास्त भक्कम वाटतो. शाळांतल्या अहवालांत मात्र पहिल्या तटाची भाषा जोरात आहे.

याच्याशी जोडलेला प्रश्न न्याय्यतेचा. कॅलिफोर्नियातल्या लॅरी पी. खटल्यात १९७९मध्ये न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गांत घालण्यासाठी बुद्धिमत्ता चाचण्या वापरण्यावर बंदी आणली. द्विभाषिक मुलांचं मूल्यमापन, चाचणीतला पूर्वग्रह, विशेष शिक्षणात काही समाजांच्या मुलांचं जास्त प्रमाण हे आजचे विषय त्याच वाटेवरचे.

निबंधात फक्त तीन-चार मुलं असतात. याला संशोधन म्हणायचं का?

हा प्रश्न वारंवार येतो, कारण मोठे नमुने पाहायची सवय असते. एकल-केस पद्धतीत मुलाची तुलना त्याच्याशीच होते. आधी उपाय न करता मोजायचं, तो बेसलाइन टप्पा, मग उपाय, मग उपाय काढून घेणं, मग परत उपाय. उपाय आला की आलेख वळतो, गेला की परततो, हे पुन्हापुन्हा दिसलं तर कारण उपायातच आहे असं म्हणता येतं.

जे शिकलं ते विसरता येत नाही. वाचनासारख्या कौशल्यात उपाय काढून घेऊन काही सिद्ध होत नाही. तिथे बहु-बेसलाइन रचना वापरतात: तीन मुलं, तिघांना उपाय वेगवेगळ्या वेळी सुरू. ज्याची पाळी आली त्याचाच आलेख हलला पाहिजे, थांबलेल्यांचा नाही.

व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस हा शैक्षणिक उपायांचा पुरावा तपासणारा शिक्षण खात्याचा उपक्रम. त्याच्या २०१०च्या निकषांत याचे आकडे होते. परिणाम वेळेच्या किमान तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर दिसला पाहिजे. प्रत्येक टप्प्यात पाच बिंदू असले तर निकष पूर्ण, तीन-चार असले तर सशर्त. दुसऱ्या निरीक्षकाने किमान २० टक्के वेळा स्वतंत्रपणे मोजलं पाहिजे आणि दोघांचं किमान ८० टक्के जुळलं पाहिजे. हे आकडे हातात ठेवून प्राध्यापकाचा एखादा निबंध तपासा. सर्वांत जास्त ढिलाई बेसलाइनमध्ये सापडते. मूल आधीच सुधारत असताना, म्हणजे आलेख वर चढत असताना, शाळेच्या वेळापत्रकाच्या घाईत उपाय सुरू केलेला असतो. मग श्रेय कुणाचं, हे कधीच कळत नाही.

कोणत्या नियतकालिकांत निबंध असावेत?

क्षेत्राची मुख्य नियतकालिकं अशी: ‘जर्नल ऑफ स्कूल सायकॉलॉजी’ (१९६३पासून), ‘सायकॉलॉजी इन द स्कूल्स’ (१९६४पासून), एनएएसपीचं ‘स्कूल सायकॉलॉजी रिव्ह्यू’ आणि एपीएच्या सोळाव्या विभागाचं ‘स्कूल सायकॉलॉजी’, ज्याच्या नावात २०१९पर्यंत ‘क्वार्टर्ली’ होतं. विशेष शिक्षण, वर्तन-विश्लेषण किंवा बालचिकित्सेच्या नियतकालिकांत लिहिणारेही असतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्यांचा वाचक कोण आहे ते कळतं.

संख्येपेक्षा लेखकांचा क्रम बघा. विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी वारंवार येत असतील तर तिथे विद्यार्थ्यांना लिहायला मिळतं. वीस निबंध आहेत आणि एकाही विद्यार्थ्याचं नाव पहिलं नाही, तर नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

असिस्टंट, असोसिएट, फुल, क्लिनिकल: मार्गदर्शक कोण चांगला?

असिस्टंट प्रोफेसरला बहुधा सहाव्या वर्षी कायमपदाच्या छाननीला सामोरं जावं लागतं. तो जोरात लिहितो, विद्यार्थ्यांना सोबत घेतो, पण पद न मिळाल्यास विद्यापीठ सोडतो. फुल प्रोफेसरकडे ओळखी आणि निधी असतो, वेळ कमी, आणि निवृत्ती जवळ असू शकते. क्लिनिकल प्रोफेसर प्रात्यक्षिक उत्तम शिकवतो, पण अनेक विद्यापीठांत त्याला प्रबंधाचा मुख्य मार्गदर्शक होता येत नाही.

निधीबद्दल काय तपासावं?

अनुदान चालू आहे की संपलं, हे वर्षांवरून कळतं. शिक्षण खात्याची संशोधनसंस्था आयईएस हा इथला मोठा स्रोत होता. २०२५च्या सुरुवातीला तिची बरीच कंत्राटं रद्द झाली आणि कर्मचारीही मोठ्या संख्येने कमी केले गेले. त्यामुळे जुन्या पानावरचं अनुदान आज हयात आहे असं गृहीत धरू नका, विचारा.

विशेष शिक्षण कार्यालयाच्या, म्हणजे ओसेपच्या, प्रशिक्षण अनुदानांची गोष्ट वेगळी. त्यांतून शिष्यवृत्ती मिळायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम निवासाचा परवाना लागतो, आणि घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं संबंधित क्षेत्रात काम करावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याने ‘प्रकल्पात सहा विद्यार्थ्यांची पूर्ण फी’ असं वाचून हुरळून जाण्याआधी अनुदान कुणाचं आहे ते पाहावं. अध्यापन-सहायक किंवा संशोधन-सहायक पदांना ही अट नसते.

प्राध्यापकाला ईमेल कसा लिहावा?

अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या आसपास असते, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहा. आधी पानावर ‘यंदा विद्यार्थी घेणार आहे’ असं लिहिलंय का ते बघा. असेल तर तोच प्रश्न परत विचारू नका.

मजकूर आठ-दहा ओळींचा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षासाठी अर्ज. पुढे त्यांच्या एका निबंधातली एक नेमकी गोष्ट आणि तिच्यावरचा तुमचा प्रश्न. ‘तुमच्या वाचन-हस्तक्षेपाच्या कामाने प्रभावित झालो’ हे वाक्य रोज येतं आणि वाचलं जात नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘तुमच्या अभ्यासात एका नव्या शब्दामागे नऊ ओळखीचे शब्द ठेवून उजळणी घेतली होती. शब्द लक्षात राहिले, पण वेळ बराच गेला. ओळखीचे शब्द कमी केले तर मिनिटामागे किती शब्द पक्के होतात, हे पाहिलं आहे का?’ ही उजळणीची पद्धत खरोखर वापरात आहे आणि तिच्यावरचा हा वादही जिवंत आहे. शेवटी तुम्हाला येत असलेलं एखादं काम: माहितीची नोंद, आर या संगणकभाषेत विश्लेषण, मुलांची चाचणी घेण्याचा सराव. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

मुलाखतीत आपण काय विचारावं?

विद्यार्थ्याला स्वतःची माहिती गोळा करावी लागते की प्रयोगशाळेची वापरता येते? शाळांशी करार कुणाचा आहे, प्राध्यापकाचा की विद्यापीठाचा? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण शाळा-जिल्ह्याची परवानगी, पालकांची संमती आणि विद्यापीठाच्या नीतिमंडळाची मंजुरी यांत एक सत्र सहज जातं. वसंतात मंजुरी आली तर राज्याच्या परीक्षा सुरू झालेल्या असतात, आणि मग मुलं भेटतात ती थेट पुढच्या शरदात. आधीच्या चार-पाच विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती काळ लागला आणि ते आता कुठे आहेत, हेही विचारा. मग सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी प्राध्यापक नसताना बोलायला मागा, आणि त्याला एवढंच विचारा की लिहिलेला मसुदा शेरे होऊन किती दिवसांनी परत येतो.